अनशापोटीचं वजन

शेळीचं वजन करणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा सकाळच्या पारी उपाशी करडू काट्याच्या झोळीत घालून दाखवावं. झोळी हलते, करडू मुततं, काटा नाचतो, आणि शेजारी रुमाल नाकाला लावून उभे असलेले साहेब विचारतात, "नक्की किती?" नक्की किती ते त्या करडाच्या बापाला माहीत. माझी सगळी नोकरी असल्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेली. सातवीत शाळा सुटली. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर भांडायला आता घरात कुणी उरलं नाही.

घरात म्हणजे चंद्रकला. माझी बायको. मागच्या उन्हाळ्यात गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हे मी लिहून राहिलो असं तिला कळलं असतं तर म्हणाली असती, "रिकामे धंदे." बरोबरच आहे. पण घर रिकामं झालं की धंदेही रिकामेच सुचतात.

लातूरच्या कडेला शेळ्यांचं एक सरकारी फार्म होतं. आम्ही त्याला फारम म्हणायचो. मी तिथं वजनं घ्यायला लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. चंद्रकला रोजंदारीवर करडं सांभाळायची. करडाचं वजन पंधरवड्याला घ्यायचं, आणि अनशापोटी घ्यायचं, म्हणजे सकाळी चारा-पाणी दाखवायच्या आधी. कारण शेळीचं पोट ही काय वस्तू आहे ते शिकलेल्यांना माहीत नसतं. एक बादली पाणी आणि चार मुठी चुनी, म्हणजे डाळीचा कोंडा, आत गेली की वजन फुगतं, आणि काट्याला काही कळत नाही. काटा बिचारा इमानी. पोटात काय आहे ते तो विचारत नाही.

नंतर फारमवर कॉम्प्युटर आला. त्याला एसीची खोली मिळाली. आम्हा कामगारांना बसायला पत्रा गळणारी खोली होती, ती तशीच राहिली. वजनं मशीनमध्ये घालायचं काम माझ्याकडं आलं, कारण दुसऱ्या कुणाला करायचं नव्हतं. एका बोटानं एकेक आकडा ठोकायचा. पुढं नांदेडहून वर्षा मॅडम पीएचडी करायला आल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं यायच्या, उतरल्या की चहाच्या आधी शेळ्या बघायच्या. त्यांनी मला मशीन चालवायच्या ओळी भिंतीवर चिकटवून दिल्या आणि हे सगळं कशासाठी तेही सांगितलं. बाकीच्यांनी नुसतं "एंटर मारा" एवढंच सांगितलं होतं.

तर काम असं. करडू जन्मलं की भराभरा वाढतं, मग हळू, मग थांबतं. कागदावर ठिपके मांडले तर चढण दिसते आणि वर पठार. बालाघाटाचा घाट चढून गाडी वर आली की सपाटीला लागते तसं. मशीननं त्या ठिपक्यांतून एक वाकडी रेघ काढायची आणि सांगायचं: हे जनावर किती किलोवर थांबणार, आणि किती चपळाईनं तिथं पोचणार. आता गंमत अशी की रेघ एक नसते. सगळ्या कळपाची एक रेघ, आणि तिच्या वर-खाली प्रत्येक करडाची आपली रेघ. ज्या करडाची वजनं भरपूर आहेत त्याचं मशीन ऐकतं. ज्याची दोन-चारच आहेत त्याला ते कळपाकडं ओढतं. तुझं मला फारसं माहीत नाही, तेव्हा तूही चारचौघांसारखाच असशील, म्हणतं. माणसंही हेच करतात. फक्त माणसं वजन न करताच ओढतात.

आणि या मशीनची अक्कल ऐका. रेघ शोधायला निघण्याआधी त्याला आपणच अंदाज द्यायचा, की बाबा, साधारण इतक्या किलोवर थांबेल, इथून सुरू कर. म्हणजे घर शोधायला निघालेल्याला पत्ता आपण सांगायचा! अंदाज चुकला की ते गोल गोल फिरतं आणि शेवटी लाल अक्षरांत इंग्रजीत शिवी देतं. मी मॅडमला म्हणालो, "ह्याच्यापेक्षा शेळ्या चारणारा आमचा मेंढका बरा. त्याला पत्ता सांगावा लागत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "मामा, तुमच्या मेंढक्याला तीनशे शेळ्यांची पुढची तीन वर्षं एकदम सांगता येतात का?"

येत नव्हती. तेवढं मानलं. पण मशीनला मान दिला नाही.

रेघा काढून घ्यायला येणारी गिऱ्हाईकं एकेक नग होती. मॅडमच्या आधी एक सर होते. त्यांना रेघ अशी हवी होती की सगळे ठिपके तिच्यावर बसले पाहिजेत. एखादी शेळी बसली नाही की म्हणायचे, "ही काढून टाका." दुसरी बसली नाही, "हीपण काढा." शेवटी रेघ झाली गुळगुळीत आणि कळप झाला निम्मा. मी म्हणालो, "सर, खाटीक बरा. तो कापल्यावर निदान मटण तरी देतो." त्यांना राग आला. पुढं ते लातुरात एका क्लासमध्ये शिकवायला गेले. तिथं पगार चांगला आणि शेळ्यांचा वास नाही. त्या काळात शहाणा माणूस दिसला की समजायचं, उद्या क्लासमध्ये असणार. आमच्या गल्लीत जिथं जिथं जिना होता, तिथं जिन्याखालीसुद्धा पोरं भाड्यानं राहायला लागली होती.

त्या सरांनीच एकदा एका क्लासवाल्याला फारमवर आणलं. पांढरे बूट, हातात गाडीची किल्ली. तो म्हणाला, "आमच्याकडं दर रविवारी टेस्ट असते. पोरांचे मार्क आहेत. शेळी किती किलोवर थांबते ते तुम्ही सांगता, तसं पोरगं किती मार्कांवर थांबतं ते सांगा. म्हणजे थांबणारी पोरं खालच्या बॅचला टाकतो."

मॅडमनी त्याला विचारलं, "टेस्टच्या आदल्या दिवशी पोरांकडून काय करून घेता?"

"पाठांतर. फुल रट्टा."

"मग ते पोराचं वजन नाही. ते पोटातलं पाणी आहे."

त्याला काही कळलं नाही. किल्ली फिरवत निघून गेला. मी मात्र मॅडमचं ते वाक्य मनात ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत ते माझ्याच घरावर येऊन आदळलं.

त्याला मागचं थोडं सांगावं लागेल. भूकंपात चंद्रकलेचं माहेर गेलं. औशाकडचं गाव. घरं दगडमातीची, माणसं आत झोपलेली. तिचे आईबाप, भाऊ, भावजय, सगळी एका भिंतीखाली. शेळ्या शेतातल्या कुडाच्या गोठ्यात होत्या, म्हणून वाचल्या. कूड माणसाला मारत नाही, हे कळायला एवढं व्हावं लागलं. चंद्रकला मूठमाती देऊन परत आली ती भावाच्या तीन शेळ्या दोरीला धरून. वाटेत पाहणीला आलेल्या लोकांनी तिला थांबवून तिचे फोटो काढले. एकानं तर सांगितलं, "जरा शेळीकडं बघा." ती म्हणाली, "शेळीच बघून राहिली माझ्याकडं. तिचा काढा."

आमच्या भाड्याच्या खोलीत शेळ्या ठेवायला जागा नव्हती. तेव्हाच्या साहेबांनी त्या फारमवर घेतल्या, कानाला बिल्ले मारले. त्यांची पिल्लावळ झाली. कळपात पाच-सहा वंश होते, सगळ्यांना इंग्रजी नंबर. या वंशाला मात्र सगळे भूकंपी म्हणायचे. चंद्रकला म्हणायची नाही. ती म्हणायची, "आमच्याकडच्या."

काही वर्षांनी नवे साहेब आले. आल्या आल्या म्हणाले, चारा परवडत नाही, दोन वंश विकून टाकायचे. कुठले? मोठेपणी जे सगळ्यात हलके भरतील ते. आणि ते ठरवणार कोण? मॅडमची रेघ. साहेबांना रेघेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मशीननं सांगितलं म्हटलं की आपल्यावर काही येत नाही, एवढं बरोबर कळत होतं. साहेब लोकांना एवढंच कळावं लागतं.

वर्षभराच्या वजनांवर मॅडमनी रेघा काढल्या. भूकंपी सगळ्यात खाली. मॅडमना पण नवल वाटलं. म्हणाल्या, "मामा, ही करडं लहानपणी तर सगळ्यांच्या वर आहेत. लवकर चढली आणि लवकर थांबली. असं का?"

मी म्हणालो, "नशीब."

"नशीब मॉडेलमध्ये नसतं हो."

घरी जाऊन मी चंद्रकलेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"लहानपणी वर होत्या, तरी बी इकणार?"

"म्हणूनच. मशीनला वाटलं ही लवकर मोठी झाली. आता ह्यांचं वाढायचं संपलं."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं बघितलं नाही. मग म्हणाली, "मीच पाजलं."

"काय पाजलं?"

"मिठाचं पाणी, जास्ती पितात म्हणून. चुनी भिजवून. वजनाच्या दिशी, तुमी काटा लावायच्या आदी. इकायचं बोलणं चालू हाय म्हणून कळलं व्हतं मला. म्हनलं, वजन भरलं तर ठिवतील."

"मोठ्यांना बी?"

"मोठ्या कुटं माझ्या हातात? त्या मेंढक्याकडं. माझ्याकडं करडंच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लई बोललो. म्हणालो, तुझ्या मायेनं त्यांचा गळा कापला. लहानपणी खोटं वजन, मोठेपणी खरं, म्हणजे रेघ वर उडाली आणि तिथंच लोळली. न पाजती तर निदान सरळ चढलेली दिसली असती. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "झालं का तुमचं? आता त्या बाईला कसं सांगायचं ते सांगा."

सांगायचं म्हणजे रोजंदारी जाणार. मी म्हणालो, गप बस, मी बघतो. पण गप बसणारी बाई ती नव्हती. मॅडमची एसटी आली त्या दिवशी ती थेट एसीच्या खोलीत गेली. चपला बाहेर काढून. मी मागं मागं.

"बाई, मी चोरी केली."

मॅडमनी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकच विचारलं, "मावशी, फक्त तुमच्याकडच्यांनाच पाजलं, का सगळ्यांना?"

"सगळ्यांना कशाला पाजू? ती काय माझ्या भावाची हायत?"

मॅडमना हसू आलं आणि लगेच गेलं. त्यांनी भूकंपींची लहानपणची सगळी वजनं बाजूला काढली आणि रेघ पुन्हा लावायला घेतली. मशीन फिरायला लागलं. चंद्रकला पडद्याकडं बघत होती. लाल अक्षरं आली.

"काय म्हनतंय?"

"जमत नाही म्हणतंय."

"पुन्ना इचारा."

मॅडमनी अंदाज बदलला. पुन्हा लाल. पुन्हा बदलला. एसीत मला घाम आला. शेवटी एकदाची रेघ लागली. भूकंपी कळपाच्या बरोबर मध्ये!

चंद्रकलेचं तोंड उजळलं. मॅडमनी तिचा हात धरला. "मावशी, खुश होऊ नका. हे त्यांचं वजन नाही. आता मशीनकडं यांचं फारसं काहीच उरलं नाही, म्हणून त्यानं यांना कळपाकडं ओढलंय. खरं उत्तर एवढंच आहे की माहीत नाही."

"मग माहीत न्हाई असंच लिवा."

मॅडमनी तसंच लिहिलं. नवीन करडांची वर्षभर अनशापोटी वजनं घ्यावीत, मग ठरवावं. साहेब तापले. "माहीत नाही लिहायला सरकार पगार देतं का? कुणी पाजलं पाणी? नाव सांगा."

मॅडम म्हणाल्या, "नावाचं सोडा सर. प्रक्षेत्रावर शिस्त ढिली होती, एवढं लिहिते. प्रक्षेत्रप्रमुख कोण ते वाचणाऱ्यांना माहीत असेल."

प्रक्षेत्रप्रमुख साहेबच होते. त्यांनी एक वर्ष दिलं. पाणी पिऊन सही केली.

आणि मॅडमनी काय करावं? करडं काट्यावर आणायचं काम चंद्रकलेलाच ठेवलं. मी म्हणालो, "मॅडम, मांजराला दुधाची राखण?" त्या म्हणाल्या, "मावशींनी आणलेलं वजन मी डोळे मिटून मशीनमध्ये घालीन. तुमचं तपासून घालीन." शिकलेल्या माणसाचं मला काही कळत नाही. पण चंद्रकलेला ते कळलं होतं.

ते वर्ष मी बघितलं. वजनाच्या दिवशी करडं भुकेनं कालवा करायची, तिच्या लुगड्याला तोंड लावायची, बोटं चोखायची. चुनीचं पोतं हाताच्या अंतरावर. ती त्यांना दटावायची, "उगी ऱ्हावा. आज एकादशी हाय तुमची." एक पाट, म्हणजे मादी करडू, लई अशक्त होतं. ते पायात घुटमळायला लागलं की ही तोंड फिरवून उभी राहायची. मी एकदा म्हणालो, "त्या एकीला चार दाणे दे, मी बघत न्हाई."

"तुमी बघत न्हाई. काटा बघतो."

काटा इमानी असतो हे मीच तिला सांगत आलो, ते मलाच ऐकवलं. बायका असंच करतात.

वर्ष झालं. मॅडमनी रेघ लावली. या खेपेला मशीननं शिवी दिली नाही, पहिल्या दणक्यात लागली. ठिपके चांगले, रेघ चांगली, कुणालाही दाखवावी अशी. मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. भूकंपी खालून दुसऱ्या.

साहेबांना दोन वंश काढायचे होते.

कुणी म्हणेल, मग काय उपयोग झाला? हेच मी मॅडमना विचारलं, जरा मोठ्यानंच. त्या म्हणाल्या, "मामा, मला पण वाटत होतं वर येतील म्हणून." डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढला. कळलं मला. या असल्या विद्येची खोड अशी की ती खरं सांगते आणि पुढं काय करायचं ते सांगत नाही. ते साहेबांवर सोडते. आणि साहेब काय, दोन म्हटले की दोन.

मी चंद्रकलेला म्हणालो, "एक पाट तरी आपण घेऊ. कसंबी करू."

"कुटं बांधू? घरमालकानं जिन्याखाली क्लासची पोरं ठिवलीत. परवा माझ्या फोडणीचा ठसका लागला तर वरून वरडला, आब्यास चालू हाय म्हणून. शेळी वरडली तर आपल्यालाच इकंल."

विकायच्या दिवशी अहमदपूरकडचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. मोठं पोट, पान खाल्लेलं, धंद्यात केस पिकलेले. सौदा जिवंत वजनावर होता. मी काटा लावायला गेलो तर गोठ्यात कालवाच नाही. सगळं शांत. आत जाऊन बघतो तर भूकंपी लहान-मोठ्या सगळ्या टोपल्यांत तोंडं घालून बसलेल्या. चुनी, भरडा, सुबाभळीचा पाला, बादल्या भरून मिठाचं पाणी. चंद्रकला एकेकीपुढं ओतून राहिली होती आणि म्हणत होती, "जेवा गं. एकादशी सुटली. जेवा."

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक बादली होती.

व्यापाऱ्यानं एका शेळीच्या पोटावर टिचकी मारली. "ये क्या? पेट तो नगारा हुआ है इनका! मॅडम, तुम्हारे फारम में तो भूके पेट तोलते ना?"

मॅडम म्हणाल्या, "तो नियम आमच्या वजनांना आहे. ही आता तुमची."

"अच्छा! तो फिर पानी का वजन मैं काट लूंगा. पहलेच बोल देता."

साहेब लांबून म्हणाले, "हो, हो, कापा."

चंद्रकला पुढं झाली. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत चुनीनं भरलेले. "कापा की. पाण्याचं वजन कापा, चुनीचं कापा. खाल्लेलं तर कापता येत न्हाई न्हवं?"

व्यापाऱ्यानं तिच्याकडं बघितलं, मग शेळ्यांकडं. पानाची पिंक टाकायची होती ती त्यानं आवरली.

"बाई, तुमच्या होत्या का?"

"माझ्या भावाच्या."

वजन त्यानं कापलंच. चांगलं भरपूर कापलं. धंदा आहे. पण त्या लोकांची शेळ्या चढवायची रीत मला माहीत होती. एक कान, एक शेपूट, आणि फेक. त्या दिवशी टेम्पोचं फाळकं खाली करून त्यानं आपल्या माणसाला बाजूला केलं. स्वतः वाकला, एकेकीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, आणि उचलून वर ठेवली.